लुसीच्या नावाची बाटली

लुसीच्या भाचीचा फोन आला तेव्हा मी तळेऱ्याच्या नाक्यावर देवगडच्या एसटीची वाट बघत उभा होतो. धाकट्या मुलीच्या सासरी नातवाचं बारसं होतं. हातात खाऊची पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट, असा अगदी आजोबा होऊन उभा होतो. सिल्विया फोनवर एवढंच म्हणाली, "अंकल, आंटी गेली." मी रस्ता ओलांडला आणि उलट दिशेच्या गाडीत बसलो. बारशाला येत नाही हे मुलीला कळवायचं मला कणकवली आल्यावर सुचलं. शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांनी माझा चेहरा बघून विचारलं, कोण गेलं, नात्यातलं का? मी म्हटलं, शेजारीण. खोटं नव्हतं ते, पण सांगितल्यावर काहीच सांगितलं नाही असं वाटत राहिलं...

आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक चिऱ्याचा गडगा आहे, कमरेएवढा. पहिलीत आम्ही एकाच दिवशी दाखल झालो आणि सातवीपर्यंत एका वर्गात होतो. पुढे ती प्राथमिक शिक्षिका झाली, मी गुरांच्या दवाखान्यात लागलो. आसपासच्या चार गावांत गाई-म्हशींना इंजेक्शनं देत हिंडलो, म्हणून सगळी पंचक्रोशी मला डॉक्टर म्हणते. मी डॉक्टर नाही, दवाखान्यातला पर्यवेक्षक होतो. पण लोकांचा हा गैरसमज दूर करण्याची घाई मीही कधी केली नाही. ते काम लुसीने आयुष्यभर न चुकता केलं. चारचौघांत कुणी मला डॉक्टर म्हटलं की ती म्हणायची, "डॉक्टर खंयचो? सुयो टोचणारो तो." लग्न तिने केलं नाही. भाऊ गोव्यात नोकरीला लागला आणि तिकडेच राहिला. त्याची सिल्विया मात्र लहानपणी पाच-सहा वर्षं हिच्याकडे वाढली. बाईंचा दरारा असा, की निवृत्तीनंतरही रस्त्यात सरपंच भेटला तर त्याला ती खिशातले हात बाहेर काढायला लावायची. आणि तो काढायचा, कारण तिच्या वर्गात तो दोन वर्षं होता.

मी निवृत्त झालो तसा रोज संध्याकाळी पाच वाजता गडगा ओलांडून तिच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, जाऊ लागलो. ती गवती चहा करायची, आम्ही दोघं खुर्च्या टाकून बसायचो आणि तास-दीड तास भांडायचो. विषय कुठलाही चाले. आंब्याला मोहोर कधी येणार इथपासून ते शाळेत असताना माझी पाटी खरं कुणी फोडली इथपर्यंत. आमची ही घरी म्हणायची, तुमची शाळा सुटली की या जेवायला. ही स्वतः कधी तिकडे आली नाही. तिला वाटायचं तिथे आपलं काय काम, आणि मीही कधी 'तू पण चल' म्हटलं नाही.

मांजर लुसीच्या घरी आलं ते असंच, न विचारता. तिला मांजरं आवडत नसत. पण ही पट्ट्यापट्ट्यांची मादी पावसाळ्यात ओटीवर येऊन बसली आणि लुसीकडे शिकवणीला येणाऱ्या पोरांकडे डोळे वटारून बघू लागली. लुसीने तिचं नाव मॉनिटर ठेवलं. गंमत म्हणून ठेवलेलं नाव, पण महिनाभरात लुसी स्वतः बाजारात जाऊन मॉनिटरसाठी वेगळी बारीक मासळी, पेडवे, घेऊ लागली. शिळं ती खात नाही, असं मला गंभीरपणे सांगायची.

गेल्या चतुर्थीनंतरची गोष्ट. गणपती पोचवून आम्ही जरा मोकळे झालो होतो. मी नेहमीप्रमाणे गेलो तर लुसी विहिरीजवळ उभी. "बाळा, ह्या मांजराक काय झालां बघ मरे," म्हणाली. बाळा म्हणजे मीच. मॉनिटर विहिरीच्या कठड्याखाली ओल्या जागेत बसली होती आणि भिंतीची माती चाटत होती. दोन दिवस माशाला तोंड लावलं नव्हतं. शेजारच्या कुणीतरी गुरांच्या गोचिडांचं औषध आणून दिलं होतं, ते पाण्यात कालवून मांजराला आंघोळ घालायचा लुसीचा बेत होता. बालदी भरून तयार होती. मी ती आधी ओतून टाकली. गाईला चालणारं ते औषध मांजराला विष आहे, एवढं सांगताना माझा आवाज चढला. लुसीवर आवाज चढवायची संधी क्वचितच मिळायची, म्हणून थोडा जास्तच चढला असेल.

मग मी ओठ वर करून हिरड्या बघितल्या. पांढऱ्या, पेजेसारख्या. कान उन्हात धरले तर आरपार. माती चाटणं, थंड जागेत बसणं, दोन पावलं चालून धाप लागणं... चाळीस वर्षं हेच बघितलेलं, अंगातलं रक्त उतरलं होतं. मी लुसीकडून जुनी फणी मागून घेतली आणि मांजराच्या पाठीवरून फिरवली. फणीत काळी बारीक रवाळ घाण आली. ती ओल्या कापसावर ठेवली तशी कापसावर लाल डाग पसरले. पिसवांची विष्ठा ती. म्हणजे मांजराचंच रक्त, पिसवांनी पिऊन बाहेर टाकलेलं. लुसी आधी चिडली. "माझ्या घरात पिसवो?" म्हणून तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच खिशातून आणून सोडल्या होत्या. पण कापूस बघितल्यावर तिनेच ओटीकडे बोट केलं. ओटीवर काजूची रिकामी गोणपाटं रचलेली असत, मॉनिटर त्यांच्यातच झोपे. पिसवांचा सगळा संसार तिथे होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षाने तिला माझ्या जुन्या दवाखान्यात नेलं. तिथल्या आताच्या डॉक्टर मॅडम तरुण आहेत, पण हात चांगला आहे त्यांचा. त्यांनी शेण तपासलं (मांजराच्याही त्याला आम्ही दवाखान्यात शेणच म्हणतो) आणि सूक्ष्मदर्शकात लुसीला दाखवलं. जंतांची अंडी होती. आतड्याला दातांनी चिकटून रक्त पिणारे जंत. बाहेरून पिसवा, आतून जंत, मग त्या एवढ्याशा जिवात उरणार काय? लुसी त्या काचेला डोळा लावून इतका वेळ उभी राहिली की मागे बकरी घेऊन आलेला माणूस खाकरायला लागला. मॅडमनी जंतांचं औषध दिलं, मानेवर टाकायचे मांजरासाठीचे थेंब दिले, गोणपाटं जाळून ओटी धुऊन काढायला सांगितली. वाचेल असं काही त्या म्हणाल्या नाहीत. आठवडा जाऊ दे, म्हणाल्या. आणि रक्त वाढायला लोहाचं टॉनिक थोडं थोडं द्या.

टॉनिकचं नाव ऐकल्यावर लुसी म्हणाली, ते आहे घरात. घरी आल्यावर तिने कपाटातून बाटली आणून माझ्या हातात दिली. माणसांची बाटली, जेमतेम दोन चमचे कमी झालेली. वर कुडाळच्या एका डॉक्टरांच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर लुसीचं नाव, सकाळ-संध्याकाळ किती घ्यायचं ते, आणि खाली तारीख. पावसाळ्यातली तारीख होती. मी चष्मा लावून हे सगळं वाचलं. मला नीट आठवतं, कारण त्या चिठ्ठीतली प्रत्येक ओळ आता मला पाठ आहे. लुसी म्हणाली, "माका सोसना नाय ता. तोंडाक लोखंडाचो वास येता. मांजर तरी जगांदे." आणि मी हसलो. म्हटलं, "बरोबर आसा. तुका काय धाड भरली गो?"

हे माझे शब्द. मग मी मॅडमना फोन केला आणि माणसांच्या बाटलीतलं मांजराला किती थेंब चालेल, जास्त झालं तर काय होईल, उपाशीपोटी द्यायचं की खाल्ल्यावर, हे बारकाईने विचारून घेतलं. सगळं मांजरासाठी.

नवीन लागलेल्या पोरांना मी दवाखान्यात एक गोष्ट कायम शिकवली. जनावराला हात लावायच्या आधी मालकाला विचारायचं. खातं काय, पितं किती, शेण कसं टाकतं, कधीपासून असं आहे. जनावर बोलत नाही, म्हणून आपण विचारायचं. लुसी दिवसभर बोलायची, म्हणून तिला काही विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आणि बघितलं नाही असंही नाही. तेच तर जाळतं मला. त्याच दिवसांत ती तांदूळ निवडताना सुपातले कच्चे तांदूळ तोंडात टाकायची. एखादा दाणा नव्हे, मुठी मुठी, बोलता बोलता. गाय दोरी चघळायला लागली, कापड खायला लागली की हिच्या अंगात काहीतरी कमी पडलंय हे मला शंभर पावलांवरून कळतं. मांजराने माती चाटली तर मी तिचा ओठ उचलून बघितला. लुसीला मात्र म्हटलं, कच्चे तांदूळ खाल्लेस तर तुझ्या लग्नात पाऊस पडेल. ती हसली, मी हसलो. सत्तरीला आलेल्या बाईला ही थट्टा केल्याचा मला केवढा आनंद झाला होता!

मॉनिटर वाचली. पाचव्या दिवशी तिने बांगड्याचा तुकडा हुंगला, सहाव्या दिवशी खाल्ला. दोन आठवड्यांनी मॅडमनी पुन्हा जंतांचं औषध दिलं. दिवाळीपर्यंत हिरड्यांवर गुलाबी झाक आली आणि दिवाळीनंतर एके दिवशी ती कौलांवर चढून कावळ्यांशी भांडताना दिसली. लुसीने ते बघायला मला गडग्यावरून हाक मारून बोलावलं. त्या दिवसापासून ती माझं कौतुक सांगत सुटली. चर्चमध्ये, बाजारात, रिक्षास्टँडवर. 'बाळान माझा मांजर मरणाच्या दारातसून ओढून हाडल्यान.' आणि जन्मात पहिल्यांदा तिने मला लोकांसमोर डॉक्टर म्हटलं. मी फुगलो. खरं सांगतो, मी त्या दोन महिन्यांत इतका खूश होतो की बाईंकडे बघायला मला सवडच नव्हती, मी मांजराकडे बघत होतो. आणि थेंब मी रोज माझ्या हाताने मोजून देत होतो. बाटलीतलं लुसीचं औषध उतरत गेलं, मॉनिटर चढत गेली.

नाताळात लुसीने दोदोल केला नाही. ती काळी गुळाची वडी आमच्या घरी दरवर्षी यायची, मला तिची सवय होती. दोदोल घोटायला चार-चार तास चुलीपुढे उभं राहून हात चालवावा लागतो. म्हणाली, यंदा कंटाळा आला. लुसीला कंटाळा! त्या बाईने तापात शाळा घेतली होती. मी काय केलं? तोंड वाकडं केलं. म्हटलं, म्हातारी झालीस. चर्चच्या पायऱ्या चढताना ती मध्येच बसायला लागली होती, ते मला आमच्या हिने सांगितलं. ही म्हणाली, "लुसीबाय पांढरी पडली हा, तुमी बघलास?" मी म्हटलं, आता उन्हातान्हात फिरणं राहिलं नाही, पांढरी नाही पडणार तर काय होणार. मी डॉक्टर ना, माझ्यापेक्षा हिला जास्त काय कळणार!

शिमग्याच्या आधी लुसी विहिरीवर चक्कर येऊन पडली. कुडाळला नेलं. मी सोबत होतो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी सगळ्यात आधी काय केलं तर अंगठ्याने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आत बघितलं. मीही बघितलं. पांढरी... पेजेसारखी. मला आठवतंय, मी भिंतीला टेकलो आणि नर्सने मलाच खुर्ची दिली. पोटात कित्येक महिने आतल्या आत रक्त झिरपत होतं. गाठ होती. पावसाळ्यात ज्या डॉक्टरांनी ती बाटली लिहून दिली, त्यांनी पोटात नळी घालून तपासायला हवं असंही सांगितलं होतं. नळीला ती घाबरली. नाताळ होऊ दे मग बघू, असं तिने मनाशी ठरवलं आणि कुणाला काही बोलली नाही. रक्ताच्या बाटल्या चढवल्या, तरतरी आली, दोन दिवस तिने वॉर्डमधल्या बायकांना शिस्त लावली. पण गाठीला हात लावण्याची वेळ निघून गेली होती.

शेवटचं भेटलो ते तिथेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मला कणकवलीत काम होतं आणि तिथून पुढे बारशाला जायचं होतं, म्हणून सांगायला गेलो होतो. तिनेच जा म्हटलं, नातवाला बघून ये. मॉनिटरच्या औषधाची तारीख जवळ आली आहे, तीही चुकवू नकोस म्हणाली. मला राहवलं नाही. म्हटलं, रोज समोरासमोर बसत होतो आपण, एका शब्दाने मला का नाही सांगितलंस?

लुसी बघत राहिली माझ्याकडे. रागावली नव्हती. वर्गात एखाद्या पोराने सोपं गणित चुकवलं की जशी बघायची, तसं बघितलं तिने.

"तू इचारलंस खंय रे?" ती म्हणाली.

तिने बाटली हातात दिली त्या दिवशी ती काय करत होती, याचा मी गेले कित्येक दिवस विचार करतो आहे. मांजराला औषध हवं होतं, ते खरंच. पण कदाचित तिला ती चिठ्ठी मी वाचावी असंही वाटत असेल. स्वतः सांगायचं धाडस नव्हतं, लुसी असली तरी. दुसऱ्याने विचारलं असतं तर तिने पहिल्यांदा चार शिव्या घातल्या असत्या आणि मग सांगितलं असतं. मी तिला ओळखत होतो ना पहिलीपासून! तिने वाचण्यासाठी दिलं आणि मी वाचून परत कपाटात ठेवलं, मांजराच्या नावावर. तिच्यासाठी चर्चमध्ये झालेल्या मिस्साला दवाखान्यातल्या मॅडम आल्या होत्या. मी त्यांच्यापाशी हे बोललो, तेव्हा मला धीर द्यायला त्या म्हणाल्या, ते टॉनिक घेऊन त्या वाचल्या नसत्या, मनाला लावून घेऊ नका. खरं आहे. टॉनिकने ती वाचली नसती. पावसाळ्यातच कुणी हाताला धरून तपासणीला नेली असती तर मात्र कदाचित वाचली असती, आणि हाताला धरण्याइतका जवळचा तिथे मी एकटाच होतो. हे मॅडमना मी बोललो नाही. लोक भेटले की अजून मांजराचीच गोष्ट काढतात, काय वाचवलंत हो तुम्ही, म्हणतात. मी मान हलवतो.

लुसीचं घर सिल्वियाने बंद केलं, चावी माझ्याकडे आहे. मॉनिटर आमच्याकडे राहायला येत नाही. दोनदा उचलून आणली, दोन्ही वेळा गडगा ओलांडून परत गेली. म्हणून मीच जातो, पाच वाजता, पेडवे घेऊन. खळ्यात दोन खुर्च्या टाकतो. दुसरी कशाला टाकतो ते मला विचारू नका. पहिले काही दिवस मी तिथे एकटा बसायचो. मग एक दिवस ही चहाचा थर्मास घेऊन आली. गडगा ओलांडता येत नाही तिला, रस्त्यावरून वळसा घालून आली आणि माझ्या खुर्चीत बसली. मला लुसीच्या खुर्चीत बसावं लागलं. त्या खुर्चीतून सगळं खळं वेगळं दिसतं. उन्हं थेट समोरच्या माणसाच्या तोंडावर येतात. इतकी वर्षं लुसीला मी असा लख्ख दिसत होतो तर.

परवा असंच बसलो होतो. उन्हं हिच्या तोंडावर आली होती. मी उठलो आणि काही न सांगता तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढली. तिने हात झटकला. "मी काय म्हस आसंय?" म्हणाली. मी म्हटलं, नाही, म्हशीची मी आधी चौकशी करतो. ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मग मी परत जागेवर बसलो आणि तिला विचारलं. आमच्या लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, मला नाही वाटत मी हे कधी असं थांबून विचारलं असेल.

"तुका बरां वाटतां मगे?"

मांजराच्या ताटलीतले काटे तिने उगाच गोळा केले. मग म्हणाली, तसं काही नाही, पण गुडघे... आणि कधी कधी छातीत धडधडतं, पाणी काढताना. कधीपासून, मी विचारलं. दोन वर्षं झाली असतील, म्हणाली. आणि मग ती सांगत गेली. मला माहीत नसलेलं बरंच काही होतं. मॉनिटर खाऊन झोपली, चहा निवला, आणि मी लुसीच्या खुर्चीत बसून ऐकत राहिलो.